छोटं, परवडणारं, मिलिटरी स्टाइल ऑटोमॅटिक घड्याळ: लोक काय म्हणतात, खरं काय आणि फसायला कुठे होतं?

सकाळी भाईंदरहून चर्चगेटकडे जाणारी लोकल पकडणाऱ्याला वेळ बघायला फोन पुरतो, असं कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात बॅग, आणि दारात उभं असाल तर फोन बाहेर काढायचा म्हणजे 'फटका गँग'ला आमंत्रण. रुळाशेजारी उभं राहून चालत्या गाडीतल्या माणसाच्या हातावर काठी मारायची आणि खाली पडलेला फोन उचलायचा, हा प्रकार मुंबईच्या लोकलला नवा नाही. मग मनगटावर काहीतरी हवं. स्मार्टवॉच घेतलं तर आणखी एक चार्जर सांभाळा. म्हणूनच गेल्या काही वर्षांत कॉलेजातली आणि नुकती नोकरीला लागलेली मुलं पुन्हा साध्या घड्याळांकडे वळताना दिसतात. त्यातही एक प्रकार सारखा विचारला जातो: काळी किंवा हिरवी डायल, मोठे आकडे, कापडी पट्टा, आकाराने छोटं, आतून ऑटोमॅटिक, आणि किंमत पहिल्या पगारात बसणारी. याला म्हणतात फील्ड वॉच.

यावर मतं भरपूर आहेत, आणि बरीचशी एकमेकांच्या विरोधात आहेत. 'सिको ५ घे, डोळे मिटून घे' म्हणणारे एका बाजूला. 'हजार रुपयांचं क्वार्ट्झ यापेक्षा अचूक चालतं, पैसे का घालवतोस' म्हणणारे दुसऱ्या बाजूला. गंमत म्हणजे दोघंही बरोबर आहेत.

फील्ड वॉच आलं कुठून?

पहिल्या महायुद्धाआधी पुरुषांचं घड्याळ म्हणजे खिशातलं, साखळीचं. खंदकात बसलेल्या सैनिकाला बंदूक खाली ठेवून खिशात हात घालायला फुरसत नव्हती, म्हणून घड्याळ मनगटावर आलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ए-११ नावाचा नमुना ठरवला. काळी डायल, पांढरे आकडे, मधोमध सेकंदकाटा. एल्गिन, वॉल्थम आणि बुलोव्हा या कंपन्यांनी ती घड्याळं बनवली. ब्रिटनने युद्धाच्या शेवटी १२ कंपन्यांकडून एकाच नमुन्याची घड्याळं करून घेतली. त्यात ओमेगा, लॉन्जिन्स, आयडब्ल्यूसीसारखी आज लाखांत विकली जाणारी नावं होती. आकार साधारण ३५ ते ३८ मिलिमीटर. पुढे १९६४ साली अमेरिकन लष्कराने एमआयएल-डब्ल्यू-४६३७४ हा स्वस्त घड्याळांचा नमुना काढला. बाहेर १ ते १२ आणि आत १३ ते २४ असे आकडे असलेली डायल आज सगळ्या 'मिलिटरी स्टाइल' घड्याळांवर दिसते, ती या घराण्यातली.

म्हणजे 'कॉम्पॅक्ट' ही नवी फॅशन नाही. खरं लष्करी घड्याळ छोटंच होतं. ४५ मिलिमीटरची, जाडजूड, चार बटणांची जी घड्याळं 'आर्मी वॉच' म्हणून ऑनलाइन विकली जातात, त्यांचा या परंपरेशी फारसा संबंध नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. वर सांगितलेली युद्धातली घड्याळं ऑटोमॅटिक नव्हती, रोज चावी द्यावी लागायची. त्यातल्या ए-११ मध्ये मात्र एक सोय होती: चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबायचा. याला 'हॅकिंग' म्हणतात. दहा जणांनी एकाच क्षणी हल्ला करायचा असेल तर दहाही घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवावी लागतात, त्यासाठी हे. म्हणजे लष्कराला हॅकिंग हवं होतं, ऑटोमॅटिकची गरज नव्हती. आजच्या स्वस्त मिलिटरी स्टाइल घड्याळात बरेचदा नेमकं उलटं मिळतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यात मुंबई कुठे आली?

आली, आणि बरीच आधी आली. वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव आजोबांच्या कपाटात सापडेल. घड्याळं स्विस, पण कंपनीची सुरुवात १८८६ साली मुंबईत झाली. तिचं सगळ्यात गाजलेलं मॉडेल 'सोवार'. शब्द आपलाच आहे, स्वार म्हणजे घोडदळातला शिपाई. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश भारतीय फौजेत हे घड्याळ लोकप्रिय झालं. 'सोवार प्रायमा' आजही जुन्या बाजारात फिरताना दिसतं.

त्यानंतरचं नाव एचएमटी. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना सुरू झाला, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं लग्नात जावयाला, दहावी पास झालेल्या पोराला, निवृत्त होणाऱ्या मास्तरांना एचएमटीच मिळत होतं. त्यातलं 'जवान' हे सैनिकांसाठीचं मॉडेल, १७ ज्वेलचं, चावीचं. 'पायलट' काळ्या डायलचं, तेही चावीचं. दोन्ही आकाराने जेमतेम ३५ मिलिमीटरच्या आसपास. आपल्या देशातलं खरंखुरं छोटं, परवडणारं फील्ड वॉच कुठलं म्हणाल तर हेच. १९८० च्या दशकात टायटन क्वार्ट्झ घेऊन आलं आणि चावीच्या घड्याळांचे दिवस भरले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर जुन्या एचएमटीची किंमत चढली, आणि किंमत चढली की पाठोपाठ जे येतं तेही आलं. त्याबद्दल खाली सविस्तर.

ऑटोमॅटिक म्हणजे बॅटरी नाही, मग चालतं कशावर?

आत एक गुंडाळलेली कमान असते. ती हळूहळू उलगडते आणि चाकं फिरवते. चाकं एकदम सुटू नयेत म्हणून बॅलन्स व्हील नावाचं छोटं चाक पुढे-मागे झुलत त्यांना एक-एक दात पुढे सोडतं. तीच टिकटिक. ऑटोमॅटिकमध्ये याच्या जोडीला अर्धवर्तुळाकार वजन असतं, त्याला रोटर म्हणतात. तुमचा हात हलला की रोटर फिरतो आणि कमान गुंडाळली जाते. लोकलमध्ये उभं राहून जाणाऱ्याचं घड्याळ उपाशी राहत नाही.

बहुतेक स्वस्त ऑटोमॅटिक ताशी २१,६०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला ६. म्हणून सेकंदकाटा क्वार्ट्झसारखा टक-टक न उडता सरकत जातो. हे बघायला छान वाटतं हे खरं. घड्याळप्रेमी यावरच भाळतात, आणि त्यात काही चूक नाही.

पूर्ण भरलेलं घड्याळ साधारण ४० तास चालतं. हिशोब करा: शुक्रवारी रात्री ९ ला काढून ठेवलंत तर रविवारी दुपारी १ च्या सुमारास थांबणार. सोमवारी सकाळी घाईत वेळ, वार आणि तारीख लावत बसायचं. ज्यांच्याकडे तीन-चार घड्याळं आहेत त्यांना हा वैताग जास्त. आणखी एक: रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात चावीने तारीख बदलू नका. त्या वेळात आतली चाकं स्वतःच तारीख पुढे ढकलण्याच्या कामात असतात, जबरदस्ती केली तर दात तुटू शकतात.

ज्यावर सगळे बोलतात ते: सिको ५

सिकोने ५ ही मालिका १९६३ साली सुरू केली. पाच गोष्टी एकत्र देऊ, असं वचन होतं: ऑटोमॅटिक, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, चार वाजताच्या जागी दडवलेली चावी, आणि टिकाऊ केस-पट्टा. छोट्या मिलिटरी स्टाइलमध्ये जे नाव दंतकथा झालं ते म्हणजे एसएनके ८०९. ३७ मिलिमीटर, काळी डायल, काळा कापडी पट्टा. त्याचीच भावंडं ८०३, ८०५ आणि ८०७, अनुक्रमे फिकट पिवळसर, हिरवी आणि निळी. अमेरिकेत ते कित्येक वर्षं शंभर डॉलरच्या आत मिळायचं. पहिलं ऑटोमॅटिक म्हणून जगभरात लाखो जणांनी ते सुचवलं असेल.

आता त्याच्यावरची टीका. एक, आतलं ७एस२६ मशीन. मजबूत आहे, वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तरी चालत राहतं, पण त्याला हाताने चावी देता येत नाही आणि हॅकिंगही नाही. थांबलं तर हलवून चालू करायचं, आणि सेकंदाला सेकंद जुळवायचं तर नशिबावर. म्हणजे दिसायला लष्करी, पण लष्कराला जे हवं होतं तेच नाही. दोन, डायल. बाहेर मिनिटांचे मोठे आकडे आणि आतल्या वर्तुळात तास, ही रचना खरं तर जर्मन वैमानिकांच्या घड्याळांची. काटेकोर बोलायचं तर हे पायलट वॉच आहे. पण हे भांडण घड्याळवेड्यांनी खेळत बसावं, तुम्हाला वेळ दिसली की झालं. तीन, पट्टा. सोबत येणारा कापडी पट्टा सगळ्यांनाच नावडतो. चार, पाण्यापासून बचाव फक्त ३० मीटर.

हे मॉडेल आता बंद झालंय. दुकानात नवं म्हणून दिसलं तर तो जुना साठा असेल, किंवा आणखी काही. त्याच्या जागी सिकोने ५ स्पोर्ट्समध्ये फील्ड प्रकारची घड्याळं आणली. आधी ३९.४ मिलिमीटरची आली, मग साधारण ३६ मिलिमीटरची छोटी आली. आत ४आर३६ मशीन. यात हॅकिंग आहे, हाताने चावीही देता येते, पाण्याला १०० मीटर. म्हणजे जुन्याच्या सगळ्या तक्रारी मिटल्या, फक्त किंमत वर गेली. भारतात ही साधारण वीस ते तीस हजारांच्या पट्ट्यात पडतात. 'परवडणारं' हा शब्द इथे ताणला जातो, हे मान्य करायला हवं. हॅमिल्टनचं खाकी फील्ड ऑटोमॅटिक ३८ मिलिमीटरमध्ये मिळतं आणि ८० तास चालतं. पण ते पन्नास हजारांच्या वर, म्हणजे त्या पैशात चांगला फोन येतो.

मधला रस्ता म्हणजे एनएच३५ मशीन असलेली घड्याळं. हे सिकोच्याच कारखान्यातलं मशीन, दुसऱ्या ब्रँडना विकलं जाणारं. हॅकिंग आणि हाताने चावी दोन्ही आहे. कित्येक छोटे ब्रँड, चिनीही आणि भारतीयही, हे किंवा सिटिझनचं मियोटा ८२१५ वापरतात. नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर भारतात बंदी आली, त्यामुळे बरेचजण अशी घड्याळं दुसऱ्या वाटेने मागवतात. तसं करताना कस्टम ड्युटी किमतीत धरा, आणि वॉरंटी नाही असंच समजा. माझं मत: पहिलंच ऑटोमॅटिक असेल तर एनएच३५ किंवा ४आर३६. बंद पडलेल्या ८०९ साठी वाढीव किंमत मोजण्यात अर्थ नाही.

किती अचूक?

इथे क्वार्ट्झवाले जिंकतात. एनएच३५ साठी कंपनीच दिवसाला वजा २० ते अधिक ४० सेकंदांची मुभा देते. दिवसाला २० सेकंद पुढे म्हणजे आठवड्याला २ मिनिटं २० सेकंद. साधं क्वार्ट्झ महिन्याला इतकंही चुकत नाही. पण दिवसाचे सेकंद ८६,४००, त्यात २० चूक म्हणजे यंत्र ९९.९७ टक्क्यांहून जास्त बरोबर आहे, तेही बॅटरीशिवाय, फक्त कमानीवर. शिवाय ८:१२ ची लोकल पकडायला वीस सेकंदांनी काही बिघडत नाही. लोकलच तेवढी वक्तशीर कुठे आहे!

फोनने करा घड्याळाची तपासणी

तुमच्या खिशात घड्याळवाल्याची निम्मी हत्यारं आहेत.

पहिली तपासणी फुकटची. फोनची वेळ नेटवर्कवरून आपोआप लागते, त्यामुळे ती प्रमाण माना. फोनने घड्याळाचा फोटो काढा, सेकंदकाटा स्पष्ट दिसेल असा. फोटोच्या माहितीत तो कुठल्या सेकंदाला काढला ते नोंदलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक फोटो. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या घड्याळाची चाल. आठवडाभर केलंत तर दुकानदारापेक्षा तुम्हाला जास्त कळेल.

दुसरी, आवाजाची. टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारी ॲप्स मिळतात. शांत खोलीत घड्याळ माइकला टेकवायचं, इअरफोनचा माइक असेल तर आणखी चांगलं. मीरा रोडला रस्त्यालगतचं घर असेल तर हे रात्री बारानंतरच जमेल. आकडे अगदी तंतोतंत नसतात, पण घड्याळ दिवसाला १० सेकंद चुकतंय की १०० हे नक्की कळतं.

तिसरी सगळ्यात उपयोगाची. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे जाऊ लागलं तर बहुतेक वेळा ते बिघडलेलं नसतं, चुंबकाने धरलेलं असतं. बॅलन्स व्हीलची केसासारखी स्प्रिंग चुंबकीय झाली की वेढे एकमेकांना चिकटतात आणि चाल वाढते. फोनमधलं कंपास ॲप उघडा आणि घड्याळ हळूच जवळ न्या. सुई जोरात हलली तर संशय घ्या. उपाय सोपा आहे, चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र काहीशे रुपयांत मिळतं आणि दुरुस्तीवाल्याकडे तर असतंच. 'पूर्ण सर्व्हिसिंग लागेल' असं कोणी लगेच सांगितलं तर आधी हे करून घ्या. आणि रात्री घड्याळ फोनवर, ब्लूटूथ स्पीकरवर किंवा चुंबकवाल्या फोनकव्हरवर ठेवायची सवय सोडा.

'मुंबई स्पेशल': बाराशे रुपयांतलं आर्मी वॉच

जगभरातले जुन्या घड्याळांचे शौकीन एक शब्द वापरतात, 'मुंबई स्पेशल'. तो कौतुकाचा नाही. जुनी सिको ५, एचएमटी, वेस्ट एंड अशी घड्याळं घ्यायची, डायल खरवडून नव्याने रंगवायची, चार घड्याळांचे सुटे भाग एकात जोडायचे, केस पॉलिश करून कडा गुळगुळीत करायच्या आणि 'व्हिंटेज मिलिटरी' म्हणून ऑनलाइन विकायचं, या उद्योगाला आपल्या शहराचं नाव चिकटलंय. रेजिमेंटचं चिन्ह, तिरंगा, 'इंडियन आर्मी' अशी अक्षरं छापलेली एचएमटी तुम्ही पाहिली असतील. त्यातली बहुसंख्य कधीच कुठल्याही पलटणीत गेलेली नसतात.

बाजू मांडायची तर ही दुरुस्तीची कला आहे, आणि भंगारात जाणारं घड्याळ पुन्हा चालू लागतं. रंगवलेलं आहे हे सांगून स्वस्तात विकलं तर कोणाची तक्रार नसावी. तक्रार तेव्हा, जेव्हा तेच घड्याळ 'ओरिजिनल, आजोबांचं, फौजेतलं' म्हणून दुप्पट-तिप्पट किमतीला जातं.

ओळखायचं कसं? डायलचा फोटो झूम करा. खऱ्या छपाईत अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात, रंगवलेल्यात पसरलेल्या, आणि मिनिटांच्या रेघा तर हमखास वाकड्या. साठ वर्षांपूर्वीचं घड्याळ आणि डायल काल रंगवल्यासारखी भडक केशरी? सोडून द्या. सिको असेल तर मागच्या झाकणावर मशीनचा नंबर असतो आणि डायलच्या तळाला बारीक अक्षरांतही असतो; दोन्हींत मशीन वेगळं निघालं तर ते जोडकाम. 'जवान' चावीचं होतं, तेव्हा जवानच्या नावाखाली ऑटोमॅटिक दाखवत असतील तर प्रश्न विचारा. आणि विक्रेत्याकडे मशीनचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली की समजायचं ते समजा.

एक गोष्ट मात्र हौसेपलीकडची आहे. फार जुन्या लष्करी घड्याळांच्या आकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग असायचा. आज तो चमकत नाही, कारण त्यातलं चमकणारं रसायन संपलंय. रेडियम मात्र संपलेलं नाही, त्याचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षं आहे. काच बंद असताना मनगटावर धोका कमी, पण रंगाची पूड नाकातोंडात जाणं वाईट. १९६० च्या आधीचं, चॉकलेटी पडलेल्या आकड्यांचं घड्याळ घरी उघडून खरवडू नका. नव्या घड्याळांतले चमकणारे रंग किरणोत्सारी नसतात, त्यांची काळजी नको.

नवं घड्याळ घेताना डब्यावर आयातदाराचं नाव, एमआरपी आणि कुठल्या देशात बनलं हे छापलेलं आहे का ते बघा. आयात केलेल्या पॅकबंद मालावर ते कायद्याने लागतं. नसेल तर ते अधिकृत वाटेने आलेलं नाही. फसवणूक झालीच तर ऑर्डरचे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

मनगट, पाऊस आणि घाम

आकार ठरवण्याआधी दोरीने मनगट मोजा. साडेसहा इंचाच्या आत असेल तर ३६ ते ३८ मिलिमीटर बरं. फक्त डायलचा व्यास बघू नका. पट्ट्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी मनगटाच्या रुंदीबाहेर जाता कामा नये, नाहीतर घड्याळ बशीसारखं दिसतं. ८०९ मध्ये ही लांबी फक्त ४३ मिलिमीटर आहे, म्हणून ते मुलींच्या हातावरही छान बसतं.

३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर खोल नेता येतं असं नाही. हात धुणं, चार थेंब, एवढंच. जुलैच्या पावसात स्टेशनपासून घरापर्यंत चिंब भिजत येणार असाल तर १०० मीटरचं घ्या किंवा बॅगेत ठेवा. उत्तनच्या किनाऱ्यावर गेलात तर परत आल्यावर, चावी नीट आत दाबलेली आहे हे बघून, ओल्या कपड्याने खारटपणा पुसा. कापडी पट्टा आपल्या हवेत दोन आठवड्यांत वास मारू लागतो. नायलॉनचे दोन पट्टे घ्या, एक धुवायला, एक घालायला. १८ किंवा २० मिलिमीटर रुंदीचे सगळीकडे मिळतात.

सर्व्हिसिंगचं मात्र आधीच ठरवून ठेवा. दर पाच-सहा वर्षांनी तेलपाणी लागतं, आणि स्वस्त ऑटोमॅटिकमध्ये तो खर्च घड्याळाच्या किमतीच्या बराच जवळ जाऊ शकतो. एनएच३५ चा फायदा इथे दिसतो: अख्खं मशीन बदलणं बरेचदा दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं, आणि ज्याला हे मशीन माहीत नाही असा घड्याळवाला सहसा सापडत नाही.